मनूच्या वर्गासाठी अडतीस कमरकट

सोलापूरहून चेन्नईला निघाले तेव्हा माझ्या सॅकमध्ये कपडे कमी आणि चिक्की जास्त होती. खरंच! आईने घरी केलेली शेंगदाण्याची चिक्की, तीन डबे भरून. सोमवारी माझ्या भाचीचा, मनूचा, आठवा वाढदिवस होता आणि मनूला सीलिअ‍ॅक आहे. म्हणजे गहू, मैदा, रवा, बार्ली यातलं कणभर जरी पोटात गेलं तरी आतून त्रास होतो, दोन-दोन दिवस पोट धरून पडून असते बिचारी. पण चिक्कीत काय, गूळ आणि दाणे! गाडीत मी एकदम खुशीत होते.

शुक्रवारी सकाळी चेन्नईतल्या पेरुंगुडीला ताईच्या फ्लॅटवर पोचले. मनू शाळेत गेलेली. ताईने डबा उघडला, डोळे मिटून वास घेतला आणि विचारलं, "आईने लाटली कशावर?"

"कशावर म्हणजे? पोळपाटावर."

"पोळ्यांच्या?"

माझं तोंड उघडं ते उघडंच. आपल्याकडे गरम चिक्की पोळपाटाला तूप लावून लाटतात. आणि त्याच पोळपाटावर रोज पंधरा पोळ्या! लाकडाच्या चिरांत कणीक असतेच की. आईला फोन केला तर ती रडायलाच लागली. "अगं, मी गहू घातलाच नाही त्यात!"

"आई, रडू नकोस," ताई म्हणाली. "मनूचं कळल्यावर पहिले दोन महिने मीपण भाकरी कणकेच्याच परातीत थापत होते."

डबे ताईच्या ऑफिसात गेले. एका तासात फस्त, म्हणे.

दुपारी मनू आली. तिचं मराठी तमिळ चालीवर चालतं, प्रत्येक वाक्याला शेवटी झोका. म्हणाली, "मावशी, मी ह्या वर्षी शाळेत काहीच नाही देणार." वाढदिवसाला वर्गात गोळ्या-चॉकलेटं वाटायची पद्धत आहे तिथे.

"का गं?"

"मी देते आणि मी नाही खात. मग सगळे विचारतात ना, ह्यात काय घातलंय?"

मला एकदम गलबलून आलं. म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता शोधू! सगळ्यांनी खायचं आणि तूही खायचं, एकच गोळी.

घराजवळच्या सुपरमार्केटमध्ये मी पाकिटं उचलत होते आणि ही पोरगी उलटी करून परत ठेवत होती. वेफर. मैदा. "गव्हाचे अंश असू शकतात." मी एक साधी दुधाची टॉफी पकडली, तर मनू दोन सेकंदात, "मावशी, मागे बघ. माल्ट. माल्ट म्हणजे बार्ली." आठ वर्षांची मुलगी! मी हिच्या वयाची होते तेव्हा पाकिटाला मागची बाजू असते हेच मला माहीत नव्हतं. शेवटी 'ग्लूटेन फ्री' लिहिलेलं एकच पाकीट सापडलं. आत पाच लॉलीपॉप.

"हे तुला, बाकीच्यांना दुसरं?"

"नको. ते परत माझं वेगळं होईल."

मग टी. नगर. बसमधून उतरलो ते थेट साड्यांच्या पिशव्यांच्या लोंढ्यात, चालावं लागतच नाही, लोक नेतात. एका गल्लीत जुन्या मिठायांचं दुकान दिसलं, काचेच्या बरण्याच बरण्या! कडलै मिट्टाय (दाण्याची चिक्की), एळ्ळुरुंडै (तिळाचे लाडू) आणि कमरकट (गूळ-खोबऱ्याची टणक गोळी, गोटीएवढी). मी उड्या मारायचीच बाकी होते. मनूने मात्र दुकानदाराला विचारलं, "अण्णा, इदिले गोदुमै इरुक्का?" (यात गहू आहे का?)

दुकानदार काका म्हातारे, कपाळावर विभूती. आधी हसले, मग मनूने नीट समजावल्यावर गंभीर झाले. मोडक्या हिंदीत मला म्हणाले, "गोळीत गहू नाही. लेकिन देखो," आणि हातातला चमचा दाखवला. "मैद्याच्या बिस्किटात हाच, कमरकटात पण हाच. पाप्पाला (बाळाला) मी हो कसं सांगू?"

बोला! विकायला बसलेला माणूस स्वतःच नको म्हणतोय. वर त्यांनी गोळ्या करणाऱ्या बाईंना फोन लावला आणि अंबत्तूरचा पत्ता लिहून दिला.

शनिवारी लोकलने अंबत्तूर. छोटे-छोटे कारखाने, पत्र्यांचा खडखडाट, आणि मधेच एका शेडमधून उकळत्या गुळाचा वास. सेल्वी अक्का, पन्नाशीच्या, अबोलीचा गजरा माळलेल्या, भल्यामोठ्या कढईशी उभ्या होत्या. मी सोलापूरची कळल्यावर त्यांनी मनूला तमिळमध्ये टोमणा मारला, मनूने खुदखुदत मराठीत सांगितला, "त्या म्हणतात, तुम्ही लोक तीन वेळा चपाती खाता, आणि तुझं पोट असं कसं?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, माझं पोट इथलं आहे. इडलीचं."

अक्का एवढ्या हसल्या की झारा खाली ठेवला. मनूने मग तपासणी सुरू केली. हाताला काय लावता? अरिसि मावु (तांदळाची पिठी). गोळ्या कशावर पसरता? आणि तिथे अक्का थबकल्या. शेडच्या दुसऱ्या टोकाला मैद्याची बिस्किटं लाटणं चालू होतं, ताटं सगळी एकच. त्यांनी मनूसमोरून कमरकटचं ताट उचललं. "वेण्डाम." (नको.)

मनू खाली वाकली. चपलेचा बंद नीट करत बसली, नीटच असलेला. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात अक्का तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि हळूहळू काहीतरी सांगितलं. मनूने मान वर केली.

"मावशी, उद्या रविवार. इथे सुट्टी. मैदा नसणार. त्या म्हणतात, घरून स्टीलची ताटं आणा आणि पिठी पण तुमचीच."

रविवारी सकाळी ताई, मी, मनू, सहा ताटं, एक किलो तांदळाची पिठी आणि नवी कोरी किसणी. अक्कांनी कढई चिंचेने घासून लख्ख केलेली. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, भांड्यावर आपटायचा, टण्ण वाजला की झाला. मग खोबरं घालून चटके सोसत भराभर वळायचं. माझ्या गोळ्या चौकोनी आल्या. मनूने एक तोंडात टाकली आणि लगेच बाकीच्या मोजायला बसली, वर्गासाठी अडतीस हव्या होत्या.

सोमवारी दुपारी माझी परतीची गाडी. अरक्कोणम स्टेशन मागे पडलं आणि मनूचा फोन.

"कसं झालं? सांग सांग!"

पलीकडून नुसता चोखल्याचा आवाज. कमरकट काही लवकर संपत नाही. शेवटी बोबडं बोबडं आलं, "सगळ्यांनी खाल्लं, एक उरलं होतं. वर्गातल्या आदित्यने मागितलं. मी नाही दिलं."

मला एवढा आनंद झाला की समोरच्या आजी विचारायला लागल्या, पास झालीस का गं?

घरी आल्यापासून सगळे विचारतायत, चेन्नईला जाऊन समुद्र नाही बघितलास? नाही बघितला. आपली भाची कुणाला तरी "नाही देत जा" म्हणाली, ते ऐकून आले. समुद्र काय, असतोच तिथे.