पक्कड आणि तंगडी

काकूंच्या ओट्यावर, मिसळणाच्या डब्याला लागून, एक पक्कड असायची. भांडी उतरवायची सांडशी नव्हे. खिळे उपटायची, लाल मुठीची, दणकट पक्कड. रायस्वाइक या डच गावी आमच्या इमारतीत नवीन मराठी बिऱ्हाड आलं की काकू आधी त्यांना जेवायला बोलवायच्या, आणि ते बिचारे जेवताना सारखे त्या पकडीकडे बघायचे. विचारायचा धीर कुणाला होत नसे. मला विचारायची गरज नव्हती, कारण पक्कड ओट्यावर आली त्या दिवशी मी तिथेच होते.

काकू कोल्हापूरच्या. काकांच्या नोकरीपायी इकडे आलेल्या. आमची ओळख झाली तीच टर्कीमुळे, म्हणजे इथे मिळणाऱ्या त्या थोराड कोंबडीसारख्या पक्ष्यामुळे. मी सुपरमार्केटातून टर्कीची पांढरीफेक छाती आणून तिचा रस्सा केला होता, आणि तो चावून चावून जबडा दुखला होता. लिफ्टमध्ये मी कुरकुरले, तर काकू म्हणाल्या, "छातीला कशाला गेलीस? खिमा आण की, नाहीतर तंगडी आण. आणि आज जेवायला आमच्याकडे ये." ओळख ना देख, बाई सरळ एकेरीवर. मला फार बरं वाटलं.

दमून आलेल्या बाईने दमवणारा स्वयंपाक करायचा नाही, हा काकूंचा कायदा. मी लायडनहून ऑफिस करून परतायचे तेव्हा पोटात कावळे ओरडत असायचे. काकूंनी मला टर्कीचा खिमा शिकवला. कांदा परतायचा, आलं-लसूण, घरचं तिखट, मूठभर मटार, की झालं. उरला तर दुसऱ्या दिवशी थालीपिठात, तरी उरला तर पावात भरून डब्याला. "उरलं म्हणू नये," त्या म्हणायच्या, "उद्याचं झालं म्हणावं."

मग काकांना हृदयाचा झटका येऊन गेला. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरने, मटण बंद केलं. कोल्हापूरच्या माणसाचं रविवारचं मटण बंद करणं म्हणजे काय, हे त्या डच डॉक्टरला कुठून कळणार? काकांनी मटण सोडलंच, वर जेवणही सोडलं. दोन घास खायचे आणि खिडकीशी जाऊन कालव्याकडे तोंड करून बसायचे. "मटणाच्या नावानं अंघोळ केली मी. आता काहीही वाढ, सारखंच." शर्ट खांद्यांवरून ओघळायला लागले. काकू चारचौघांत हसायच्या, पण एकदा मला म्हणाल्या, "दवाखान्यातनं जिता आणलेला माणूस माझ्या ताटावर झिजतोय गं." त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी शहाणपणा शिकवला. टर्कीच्या तंगडीचं मांस गडद असतं, मटण म्हणून वाढा, कळणार नाही. काकू उखडल्याच. "इतकी वर्षं खरं खाऊ घातलंय. आता खोटं वाढू?" त्यांनी टर्की म्हणून सांगूनच वाढली. पण टर्कीच्या तंगडीत लांब, कडक शिरा असतात, शिजल्यावर विणायच्या सुयाच. काकांनी एक घास घेतला, तोंडातून शीर ओढून काढली, ताटाच्या कडेला ठेवली आणि उठून गेले.

पुढच्या रविवारी काकूंनी मला मदतीला बोलावलं. त्यांनी काकांच्या हत्यारांच्या पेटीतून पक्कड काढून स्वच्छ धुतली होती. दोनपैकी एका तंगडीला खाली घोट्याशी गोल चीर दिली, शिरेचं पांढरं टोक पकडीत धरलं आणि ओढलं. सुळकन बाहेर. दुसरीही तशीच. मग त्या थांबल्या. बाहेरच्या खोलीकडे पाहिलं आणि इतक्या केविलवाण्या आवाजात हाक मारली की मी चपापले.

"अहो, जरा येता का? माझ्या हातात जोरच नाही बघा."

काका आले. "माझी पक्कड? इथे?"

"मग काय करू? निघेना."

"अशी धरतात होय? सर बाजूला. मुळाशी धरायची असते."

एक निघाली, मग दुसरी. प्रत्येक शीर ते उजेडात धरून बघत होते. दोन्ही तंगड्या साफ झाल्या तरी गडी ओट्यापासून हलेना. "कांदा करपतोय बघ. तीळ भाजलेस का?" मीठ बेताचं, खोबरं नावाला, बाकी सगळी मदार भाजलेल्या कांद्यावर आणि तिळांवर, पण रस्सा लालभडक झाला. काका भाकरी कुस्करून जेवले, हाड चोखलं आणि म्हणाले, "हे मटण नव्हे." मग ताट पुढे सरकवून, "पण पुढच्या रविवारी मोठी तंगडी आण. शिरा मी काढतो." काकू आणखी एक भाकरी आणायला आत आल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी अशी काही भुवई उडवली, जणू गड सर झाला. त्या दिवसापासून पक्कड ओट्यावर राहिली. हळूहळू शर्टही अंगाला बसायला लागले.

निवृत्तीनंतर दोघं कोल्हापूरला परतली. निघताना काकूंनी पक्कड माझ्या हातात दिली. "तिकडे टर्की कुठली? तुला ठेव." रिकाम्या घराला कुलूप लागलं तेव्हा मी जिन्यात बसून रडले, खोटं कशाला सांगू.

माझी लेक इरा आता मोठी झाली आहे. मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देते आणि ताट घेऊन खोलीत जाते, दार बंद. समोरची रिकामी खुर्ची बघत जेवणं मला असह्य व्हायला लागलं होतं. गेल्या रविवारी मी दोन तंगड्या आणल्या, एकीच्या दोन शिरा काढल्या, तिसरीला थांबले आणि हाक मारली. "इरा, येतेस का गं? निघतच नाहीये."

आली. आईला पक्कड धरता येत नाही, असं डचमध्ये सुनावलं आणि शीर ओढून काढली. मग दुसरी तंगडीही तिनेच साफ केली. रस्सा उकळेपर्यंत ओट्याशी उभी राहिली, माझ्यासमोर बसून जेवली आणि पुन्हा भात मागून घेतला.

लगेच कोल्हापूरला फोन लावला. सगळं ऐकून काकूंनी एवढंच विचारलं, "हातात जोर नव्हता ना तुझ्या?"

"अजिबात नव्हता, काकू."

"शाबास."

मागून काकांचा आवाज आला, "तिला म्हणावं, मुळाशी धर. सगळ्यांना नाही जमत ते."