गोलपोस्टचा खांब

जवाहरनगरच्या आमच्या सरकारी फॅक्टरीच्या क्वार्टरांमागे मैदान आहे. तिथे सकाळी चालायला येणाऱ्यांइतकी रिकामटेकडी जमात अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडायची नाही. त्यांच्यात मीही रोज जायची, पण हौसेने नाही. मला डॉक्टरांनी पाठवलं होतं.

झालं असं, की एका दुपारी भेंडी चिरताना माझे हात मला परके वाटले. चिरत होते ते, बरोबर चिरत होते, पण माझे नव्हते. मग आवाज परका झाला, मग आरशातलं तोंड, मग घर. डॉक्टर म्हणाले, याला डिपर्सनलायझेशन म्हणतात, हे वेड नव्हे. नाव तरी झोकदार निघालं. तेवढ्यावर मी निभावलंही असतं, पण एका सकाळी मुलीची वेणी घालताना तिचं डोकं मला बाहुलीच्या डोक्यासारखं लागलं. सहा वर्षांची माझी पोर, आणि माझ्या हातांना काहीच कळेना! इतकी घाबरले, की त्या दिवसापासून मी तिला हात लावणंच सोडलं. हात दुखतात, असं सांगून टाकलं. वेणी तिचे बाबा घालू लागले, म्हणजे झाडू बांधावा तसं काहीतरी.

डॉक्टरांचं म्हणणं, रोज भरभर चाला, आणि तसं वाटलं की काहीतरी गार, कडक धरा. सांगायला काय जातं! छाती धडधडायला लागली की हे भूत दुप्पट जोराने अंगावर येतं. मैदान कॅलेंडरवरच्या चित्रासारखं सपाट होतं, पाय दुसरंच कोणी टाकतं. म्हणून मी दर फेरीला गोलपोस्टचा लोखंडी खांब दोन्ही हातांनी धरायची. थंडीत बोटं झणझणायची. दहापर्यंत मोजायचं आणि पुढे निघायचं.

यात कोणाच्या पोटात दुखण्यासारखं काही नव्हतं. पण ट्रॅकसूटवर मंगळसूत्र मिरवत फिरणाऱ्या एका बाईने विचारलंच, "त्या खांबाले हात काहून लावता वो तुम्ही?"

खरं सांगितलं असतं तर दुपारच्या आत साऱ्या क्वार्टरांत मी वेडी ठरले असते. "असंच," म्हटलं.

आमच्याकडे 'असंच' म्हणजे नवस. चालणाऱ्यांत एक रिटायर्ड फोरमन होते, पोट पुढे आणि अक्कल मागे. त्यांनी जाहीर करून टाकलं, "अर्थिंग आहे ते! अंगातला सारा करंट लोखंडातून जमिनीत जाते." झालं! आठवडाभरात निम्मं मैदान खांबाला शिवू लागलं. कोणाची शुगर उतरली, कोणाच्या पोराचं लग्न जमलं. शिकलेली माणसं बरं का, केंद्र सरकारच्या पगारावर पोसलेली! कोणी लाल धागा बांधला, कोणी तेल ओतलं, कोणी हळदकुंकू वाहिलं, आणि एका गुरुवारी बाप्पा, चक्क नारळ फुटला. मला त्यांची किळस यायची. तरी मीच तो तेलाने चिकट झालेला खांब रोज धरत होते, कारण माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं.

एका रविवारी पोर हट्टाने सोबत आली आणि मैदानाच्या कडेला मातीत खेळत बसली. तिसऱ्या फेरीला मला ते आलं, कधी नव्हे इतक्या जोराने. मी धडपडत खांबाकडे गेले, तर तिथे सहा-सात जण उभे.

"लाइनीत या ना मॅडम," मंगळसूत्रवाली म्हणाली. "आम्ही का येडे आहो?"

आहातच, असं ओठांवर आलं होतं, पण तेव्हा जीभसुद्धा माझी राहिली नव्हती. मी पोरीजवळ जाऊन मातीत बसकण मारली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग लाइनीकडे.

"आई, लाइन लय मोठी आहे. माह्या हाताले हात लाव."

तिने हात पुढे केला. ज्याला मी इतके दिवस भीत होते, तेच समोर आलं. नाही म्हणायलाही तोंड हलेना. मी हात धरला. काही नाही. कोणाचाही असावा असा लहानसा, मातीने भरलेला हात. रडूसुद्धा येईना.

तिला वाटलं असेल, जोरात दाबायचा खेळ आहे. तिने पाचही नखं माझ्या तळव्यात रुतवली.

"आई गं!" मी ओरडले.

"दुखलं?"

"हव," म्हटलं. "मले दुखलं. मलेच दुखलं."

तिकडे खांबापाशी कोणाचा तरी नारळ फुटला. फोडा म्हटलं, तुमचीही डोकी फोडा. पोरीच्या बाबांनी बांधलेला झाडू तोवर सुटून तिच्या डोळ्यांवर आला होता. मी तिला पुढ्यात ओढलं, बोटांनीच भांग पाडला आणि केसांचे तीन पदर केले.

"आई, केस ओढून राहिली तू!" ती करवादली.

मी अजून जरा ओढले.