मलावीच्या बायांना हवी होती गिरणी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी न लाजता सांगते, कारण मला कुणी उचलून वर ठेवलं नाही. अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आमच्या मराठी मंडळाने आफ्रिकेत मलावीतल्या एका गावासाठी काहीतरी टिकाऊ उभं करायचं ठरवलं. मंडळाचे अध्यक्ष काका, निवृत्त हार्ट सर्जन, मला म्हणाले, "रिसर्च तू कर. खेड्यातली आहेस, तुला कळेल." मला राग आला नाही. उलट बरंच वाटलं.

शनिवारी सकाळी मी त्या गावच्या शिक्षिकेला फोन लावायचे. ती स्पीकर चालू करायची, भोवती बाया बसायच्या, त्यांचं बोलणं ती इंग्रजीत सांगायची. काय हवंय असं मी विचारलंच नाही. तसं विचारलं की माणसं समोरच्याला आवडेल ते मागतात. आमच्या गावातही मागायचे. मी विचारायचे, कालचा दिवस कसा गेला? प्रत्येकीच्या दिवसात मक्याचं दळण यायचं. गिरणी पार पलीकडच्या गावात. डोक्यावर पोतं, तिथे रांग, कधी गिरणीच बंद. आईला जमलं नाही की शाळा बुडवून मुलगी जायची. गावात गिरणी आलीच तर ती कोण चालवेल, बिघडली तर कोण बघेल, हेही त्यांनी आपसात भांडून ठरवलं. मी ते सगळं स्लाइड्सवर मांडलं.

मीटिंग काकांच्या बेसमेंटमध्ये होती. आमच्या मंडळाची रीत अशी, की मतदान जेवणाच्या तोंडावर. वरून मसालेभाताचा वास, जिन्यात पोरांचं "मॉम, कॅन वी ईट नाऊ?" अशा वेळी वाद घालणारा माणूस सगळ्यांचा वैरी.

"प्रेझेंटेशन छान," काका म्हणाले. "पण पिठाची गिरणी? अगं, वाचनालय बांधू. तुझ्या काकूच्या नावाने."

काकूंना जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"काका, वाचनालयाचं तिकडे कुणी बोललंच नाही."

"माहीतच नाही तर मागतील कसं? आणि शिक्षणाला विरोध तू करतेस? तू?"

तो शेवटचा 'तू' मला लागला. "मी दळणाच्या रांगेत उभं राहून शाळा बुडवलीय, काका. म्हणूनच सांगतेय."

"ब्यूटिफुल!" मागून आयटीतला एकजण म्हणाला. "यार, ही स्टोरी वेबसाइटवर टाकू. गिरणी फेज टूमध्ये घेऊ ना."

ज्याला कधीच हात लावायचा नसतो त्याला ऑफिसात आम्ही फेज टू म्हणतो. हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही. हात वर झाले. वाचनालय पास. मी जेवले, धुसफुसत सगळ्यांची पातेली घासली आणि घरी आले.

पुढच्या शनिवारी शिक्षिकेला सांगणं भाग होतं. तिने बायांना सांगितलं. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. शिक्षिका जरा अडखळली. "त्या विचारतायत, वाचनालयाचं दार केवढं असेल? पुढेमागे गिरणी आत जाईल एवढं करता येईल का?"

इमारतीचा नकाशा मंडळातलीच एक मैत्रीण काढत होती. तिला मी मागच्या खोलीला रुंद, दुहेरी दार काढायला लावलं. काकांनी नकाशा बघितला.

"एवढं दार? ट्रक आत घेणारेस?"

"गिरणी, काका. तुमची फेज टू."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काकूचं नाव पुढच्या बाजूला येईल ना?"

"येईल."

"मग असू दे."

इतक्या शनिवारांनंतर त्या बायांसाठी मी मिळवलं ते एवढंच, कागदावरचं एक दार. बाया अजून पोतं घेऊन पलीकडच्या गावी जातायत, आणि मला विचारतात, काम कुठवर आलं?