आजोबांची नाडी

तेवीस वर्षं तिने एकाच वॉर्डात काढली. त्यातली शेवटची सहा इन्चार्जच्या खुर्चीत, पण पद नसताना. डॉक्टरांची बोलणी ती खायची, रडणाऱ्या नातेवाइकांची समजूत ती घालायची, आणि पगाराच्या कागदावर मात्र स्टाफ नर्स. विचारलं की उत्तर ठरलेलं, बघू. मग नियम आला. डिग्री नसेल तर इन्चार्ज नाही. तिच्याकडे होता डिप्लोमा.

हॉस्पिटल कॅथलिक विद्यापीठाचं. अंगण ओलांडलं की चॅपल, चॅपलच्या मागे नर्सिंग कॉलेज. नोकरीतल्या नर्सेससाठी तिथे दोन वर्षांचा डिग्रीचा कोर्स होता. शेहेचाळिसाव्या वर्षी तिने नाव घातलं. सकाळी ड्युटी, दुपारी वर्ग. वर्गातल्या मुली तिला काकू म्हणत. शिकवणाऱ्या मॅडमना सलाईनची सुई लावायला आठ वर्षांपूर्वी तिनेच शिकवलं होतं.

"तुम्हाला सगळं येतंच हो," मॅडम म्हणायच्या. "फक्त पुस्तकातल्यासारखं लिहा."

तिने तसं लिहिलं. माणसाच्या गरजांचे त्रिकोण काढले, आजारी माणसाशी कसं बोलावं यावर बारा पानं भरली. तेवीस वर्षं ज्यांच्याशी बोलली ते सगळे त्या बारा पानांबाहेर राहिले, पण मार्क चांगले पडले.

प्रात्यक्षिकाच्या खोलीत सहा खाटा होत्या आणि त्यांवर सहा प्लास्टिकचे पेशंट. त्यातला सगळ्यात महागडा खिडकीजवळचा. त्याची छाती वरखाली व्हायची, मनगटात नाडी उडायची. सगळं पोटातल्या पंपावर. मुली त्याला आजोबा म्हणत.

शेवटच्या परीक्षेच्या दिवशी वॉर्डात एका बाईची तब्येत अचानक बिघडली आणि तिला निघायला पंधरा मिनिटं उशीर झाला. ती पोचली तेव्हा तिचा नंबर पुकारत होते. त्याआधी मॅडमनी बाहेर उभ्या मुलींना गोळा करून सांगितलं होतं, आजोबांचा पंप बंद पडलाय, कंपनीचा माणूस येत नाहीये, श्वास अठरा आणि नाडी चौऱ्याऐंशी लिहून मोकळ्या व्हा. हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगायला वेळच नव्हता.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: साठ वर्षांचा पुरुष, नाडी, श्वास, रक्तदाब बघून नोंद करा, दुपारचं औषध द्या. शेजारी बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक बाई कागद घेऊन बसल्या होत्या. तिने हात धुतले, आजोबांना आपली ओळख सांगितली, मनगटावर बोटं ठेवली. काही नाही. गळ्यापाशी ठेवली. काही नाही. छातीकडे बघितलं. मग तिने उशी काढून खाली टाकली, "डॉक्टरांना बोलवा, ट्रॉली आणा," म्हणाली आणि दोन्ही तळहात आजोबांच्या छातीवर ठेवून दाबायला लागली.

"बाई, हे काय करताय?"

"नाडी नाही. श्वासही नाही."

"आहे. इथे लिहिलंय, चौऱ्याऐंशी."

"हाताला लागत नाही."

"अहो, पेशंट जिवंत आहे," परीक्षक बाई कागदावर बोट ठेवून म्हणाल्या.

तीस वेळा दाबून झाल्याशिवाय ती थांबली नाही. पडद्यामागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग दाराबाहेरची सगळी रांग हसली. परीक्षक बाईंनी शेरा लिहिला: पेशंटची स्थिती ओळखण्यात गंभीर चूक. असा एक शेरा आला की आख्खं प्रात्यक्षिक गेलं. पुन्हा परीक्षा वर्षाने. इन्चार्जच्या मुलाखती दोन महिन्यांवर.

घरी लेक म्हणाली, "आई, तुझ्याबरोबर कपड्यांच्या दुकानात जायची सोय राहिली नाही. तिथल्या बाहुल्यांची छाती दाबशील."

नवरा म्हणाला, "तक्रार कर. पंप बंद होता हे शिपायालासुद्धा माहीत आहे."

ती प्राचार्य मदरकडे गेली. मदर सत्तरीच्या. तिच्या आईच्या शेवटच्या आजारात वॉर्डाबाहेर रात्रभर बसल्या होत्या. त्यांनी तिला खुर्ची दिली, स्वतः उठून पाणी दिलं.

"बाळ, तू केलंस ते बरोबर केलंस," मदर म्हणाल्या. "पण पुढच्या महिन्यात कॉलेजची तपासणी आहे. लॅबमधलं सगळं चालू आहे असं आपण कळवलंय. तू तक्रार केलीस तर साठ मुलींची परीक्षा रद्द होईल. त्यांचं काय?"

"आणि माझं?"

"तू एवढंच लिहून दे की ड्युटीवरून थकून आले होते, चूक झाली. पंधरा दिवसांत फेरपरीक्षा लावते. त्या पत्राचं पुढे काही होत नाही."

पत्र नवऱ्याने लिहिलं. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात त्याची हयात दुसऱ्यांचे अर्ज लिहिण्यात गेली होती आणि तक्रारीचा त्याचा उत्साह जेवणाआधीच ओसरला होता.

"अहो, पण नाडी नव्हतीच ना."

"मी कुठे आहे म्हणतोय? अर्जात खरं-खोटं नसतं गं. अर्जात फक्त विनंती असते. कर सही."

तिने सही केली.

फेरपरीक्षेलाही पंप बंदच होता. तिने हात धुतले, ओळख सांगितली, थंड मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट उभी राहिली. अर्ध्या मिनिटातही भागलं असतं. मग चौऱ्याऐंशी लिहिलं. हाताला न लागलेला आकडा तिने तेवीस वर्षांत पहिल्यांदाच कागदावर उतरवला, आणि पैकीच्या पैकी मार्क मिळाले. तपासणी पार पडली. पदवीदानाला काळा झगा घालून फोटो निघाला. लेकीने तो बाहेरच्या खोलीत लावला.

मुलाखतीला टेबलाच्या पलीकडे तिघं होते: मोठे डॉक्टर, हॉस्पिटलचे अधिकारी आणि मदर. अधिकाऱ्यांनी फाईल उघडली. "अनुभव आहे, डिग्री आहे." पान उलटलं. "आणि हे काय?" त्यांनी पत्र मोठ्याने वाचलं. नवऱ्याची भाषा होती, एकही शब्द अडखळला नाही.

"म्हणजे जिवंत माणूस मेलेला वाटला तुम्हाला," मोठे डॉक्टर म्हणाले. "तेवीस वर्षांनंतर."

तिने मदरकडे बघितलं. मदरनी चष्मा काढला, पुसला. "ते पत्र त्या वेळची गरज होती," त्या म्हणाल्या.

"कसली गरज?"

मदरनी चष्मा पुन्हा घातला. "ती फार थकली होती हो."

तिने तोंड उघडलं. आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं की आता खरं बोललं तर साठ मुलींच्या डिग्र्या जातील, आणि एकसष्टावी आपली. ती खोट्या नाडीवर मिळालेली. आणि डिग्रीवाचून ती या खोलीत बसूच शकली नसती. खरं बोलायला ती पंधरा मिनिटं नव्हे, पंधरा दिवस नव्हे, एका सहीने उशिरा आली होती.

"हो," ती म्हणाली. "थकले होते."

पुढच्या सोमवारी नवी इन्चार्ज आली. सत्तावीस वर्षांची, त्याच कॉलेजची, स्वभावाने चांगली. दुपारी तिने कोरा तक्ता पुढे सरकवला. "सिस्टर, महिन्याच्या ड्युट्या तुम्हीच लावता का? कुणाचं लहान मूल आहे, कुणाचं कुणाशी पटत नाही, मला काहीच माहीत नाही. सही मी करते."

तिने पट्टी घेतली आणि रकाने आखले. सगळ्यात वर इन्चार्जचं नाव लिहिलं, त्याच्यापुढे सगळ्या सकाळच्या ड्युट्या आणि रविवारच्या सुट्ट्या भरल्या. खाली स्टाफ नर्सेसची नावं घातली. स्वतःचं नाव लिहायचं राहून गेलं. नव्या इन्चार्जने ते दाखवलं तेव्हा ओळ उरली नव्हती. तिने समासात लिहिलं.