पोकळ कोपरा

१९ नोव्हेंबर १९९२. सकाळी दवाखान्यात गटापर्च्याच्या काड्या निवडत बसले होते. दाताच्या मुळातली नळी साफ केली की ज्या केशरी, रबरासारख्या बारीक काड्यांनी ती भरतात, त्या या. आदल्या संध्याकाळी डबी माझ्या हातून पडली आणि पांढऱ्या, पिवळ्या, लाल, निळ्या टोकांच्या सगळ्या काड्या एकत्र झाल्या. आमचे डॉक्टर माझ्यावर चिडले नाहीत, डबीवर चिडले. "अर्धी रिकामी होती, म्हणून सांडली," असं त्यांचं निदान.

रिकाम्या जागेचा एवढा राग असलेला माणूस धुळ्यातच काय, अख्ख्या खानदेशात दुसरा नसेल. मी सोळा वर्षं त्यांच्या हाताखाली आहे, तेव्हा हे ऐकीव नाही. एसटीत दोन माणसांच्या मध्ये वीतभर फट दिसली की ते उभ्या माणसाला बोलावून तिथे बसवतात आणि तिघांच्याही शिव्या खातात. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला बसायचं सोडून कोठीघरात शिरले. लाडवांचा डबा कानाशी हलवून पाहिला, आत लाडू गडगडले. मग बाह्या सारून त्यांनी साती डब्यांतल्या फटींत चिवडा दाबून भरला. व्याह्यांकडे एकही लाडू फुटला नाही हे खरं, पण प्रत्येकाला लसणाचा वास येत होता. मे महिन्यात धुळ्याच्या उन्हाने काड्या लोळागोळा होतात, म्हणून त्या त्यांच्या घरच्या फ्रीजमध्ये पन्ह्याच्या बाटलीला टेकून असतात. वहिनी कुरकुरल्या की म्हणतात, "फ्रीज भरलेला बरा." दात काढून द्या म्हणणाऱ्याला तर ते आधी अर्धा तास समजावतात, कारण दात काढला की मागे खड्डा राहतो.

पूर्वी ते नळीत लेप लावून एकच काडी बसवायचे. मग बाजूला दाबून दहा-दहा काड्या घालू लागले. गेल्या वर्षी मुंबईच्या शिबिराला जाऊन आले ते स्पिरिटचा दिवा घेऊनच. आता दाबणी, म्हणजे बोथट टोकाची बारीक सळई, दिव्यावर तापवायची, काडी आतच मऊ करायची आणि खाली दाबत न्यायची. लेप माझ्याकडे. झिंकची पूड लवंगेच्या तेलात काचेवर घोटायची आणि बोटभर तार आली की हाक मारायची. "बाई, पाकाला घाई नाही," हे रोजचं.

त्या दिवशी साक्रीकडचे आबा आले होते, गाड्यांत कापूस दाबून भरणाऱ्या टोळीचे मुकादम. चावण्याजोगी खालची एकच दाढ उरलेली, तीही पूने ठणकणारी. पहिल्या खेपेलाच म्हणाले होते, "काढी टाका, डॉक्टर. झंझट नको."

"आणि कळण्याची भाकरी कशाने चावाल, आबा?"

"वरणमा कुस्करी खासू."

"आणि मग जन्मभर कुस्करतच बसाल."

तीन खेपा नळ्या साफ करण्यात गेल्या. आता भरायच्या होत्या. आत जराशी पोकळी राहिली तरी पुन्हा पू धरणार आणि दाढ काढावीच लागणार, हे डॉक्टरांनी आबांना स्वच्छ सांगितलं होतं. तासभर खपून त्यांनी दाढ भरली, मी एक्स-रेची फिल्म धुऊन आणली. डॉक्टरांनी उजेडात धरली आणि खूश झाले. इतके खूश की ती आबांच्या हातात दिली.

आबांनी खिडकीशी जाऊन एक डोळा मिटला. "हाऊ कोपरा पोकळ शे."

"कुठला?"

"आठे, खाले. भरेल दिखस, पन गाडी चालनी का कापूस बठी जाई."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "बाई, भिंग द्या." भिंगातून बराच वेळ पाहिलं. मीही पाहिलं. मागच्या मुळाच्या टोकाशी, भरावाच्या पांढऱ्यात केसाएवढी काळी रेघ होती.

"आबा, सगळं काढून परत भरावं लागेल. तुमची एसटी जाईल."

"जाऊ द्या. मी भी पोरेस्ले बठ्ठी, पुरी गाडी रिकामी कराले लावस."

तोंडात बोळे असल्यामुळे आबांना बोलता येईना, म्हणून ते अंगठा हवेत दाबून दाखवू लागले: आधी कोपरा, मग मधलं. आणि शिबिरातल्या मोठमोठ्या डॉक्टरांशी वाद घालून आलेले आमचे डॉक्टर त्या अंगठ्याकडे बघून लहान लहान तुकडे दाबत होते. दुसरी फिल्म टोकापर्यंत पांढरी आली. आबांनी ती तिरपी करून पाहिली आणि मान हलवली. "आते निंघू द्या गाडी," म्हणाले आणि पाच वाजताच्या एसटीला गेले.

मी दाबण्या उकळायला टाकल्या. डॉक्टर खुर्चीत बसून होते. दिवा विझवायचा राहिला होता, तो मी विझवला.

"बाई, मला ती रेघ दिसली नव्हती."

"भिंगाने दिसली की."

"भिंगाने. उद्यापासून फिल्म आधी तुम्ही बघत जा."

मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा तास लवकर गेले. कपाटातून या वर्षीच्या फिल्म काढल्या आणि खिडकीशी बसून भिंगाने एकेक पाहिली. पहिल्या सहा चांगल्या होत्या. सातवीत तशीच काळी रेघ दिसली, ती बाजूला ठेवली. ती ज्याची होती त्या शिरपूरच्या पेशंटला एकदा दात दाखवून जा म्हणून पोस्टकार्ड लिहिलं आणि सहीसाठी डॉक्टरांच्या टेबलावर भिंगाखाली ठेवलं.