सदाशिव पेठेतून दाद

सदाशिव पेठेतल्या माझ्या घरात बसून मी जर्मनीतली एक रॉक मैफल बिघडवली.

मैफल आमच्या तरुणपणच्या एका ग्रुपची. चार जण, चौघेही आधी आपापल्या बँडमध्ये गाजलेले आणि मग एकत्र आलेले. बायकोला मी समजावलं होतं, की चार मोठ्या मंडळांचे अध्यक्ष आपापलं मंडळ सोडून एकच गणपती बसवतात, तसं.

"मग भांडत नाहीत?"

भांडले होते, दोनदा. आता सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा जमून युरोपभर हिंडत होते. आमची मुलगी तिकडे नोकरीला आहे. तिला मी तिकीट काढायला लावलं आणि मैफलीतून व्हिडिओ कॉल करायला बजावलं.

खरं तर हा घाट माझ्या मित्रासाठी होता. कॉलेजात तो माझ्याबरोबर ड्रम वाजवायचा. कॅम्पात त्यांची जुनी बेकरी. आमच्या बॅचच्या संमेलनात त्यानं पुन्हा वाजवावं म्हणून सगळे मागे लागले होते आणि तो नाही म्हणत होता. मनगटं धरतात, मध्येच थांबलो तर चारचौघांत शोभा, वगैरे. शेवटी म्हणाला, "त्यांचा ड्रमवाला माझ्यापेक्षा म्हातारा आहे. शेवटच्या गाण्यातला तो एकट्या ड्रमचा तुकडा त्याला अजून जमतो का बघू. जमला तर मी बसतो." तो तुकडा आम्ही कॅसेटवर इतका ऐकला होता, की टेप नेमकी तिथंच झिजली होती.

ठरल्या दिवशी तो खारी घेऊन आला. आमची जेवणं झाली होती, तिकडे मैफल होती त्या किल्ल्याच्या पटांगणात अजून ऊन होतं. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवला. मुलीला मी स्पीकर चालू ठेवायला सांगितलं होतं, मला सूचना देता याव्यात म्हणून.

गाणी सुरेख झाली. मित्राची बोटं गुडघ्यावर चालली होती. मग बाकीचे थांबले आणि कीबोर्डवाला एकटाच, अगदी हळू वाजवू लागला. एवढी माणसं, पण चिडीचूप. याच्यामागून ड्रम येणार हे आम्हाला पाठ होतं. तेवढ्यात त्यानं एक सूर असा काही सोडला, की माझ्यातला सतरंजीवर बसून गाणी ऐकलेला पुणेकर जागा झाला. "वा, क्या बात है," मी म्हणालो. म्हणालो म्हणजे, परदेशी फोनवर म्हणतात तसं म्हणालो. मी ट्रंक कॉलच्या काळातला. गाव जितकं लांब, तितका आवाज मोठा.

"बाबा, हळू," मुलगी कुजबुजली.

"हळू काय, ड्रमवाला दिसत नाहीये. त्या पुढच्या टकल्याला जरा बसायला सांग."

टकल्यानं मान वळवली. मराठी येत नसावं, पण आशय पोचला होता. पडदाभर त्याचा चेहरा, मग रखवालदाराचं पिवळं जाकीट, मग काहीच नाही. फोन बंद.

मी परत लावला. तिनं उचलला नाही. मित्र तांब्याकडे बघत राहिला. त्याची बोटं थांबली होती. मी खोकलो. बायकोनं माझ्यापुढे चहा ठेवला. "अहो, हा तरी आवाज न करता प्या."

पुष्कळ वेळानं मुलीचा फोन आला. बाबाशी बोलायचं नाहीये, काकांना दे, असं तिनं आईला सांगितलं. मित्रानं फोन कानाला घट्ट लावला.

"थांबला?" तो म्हणाला. मग बराच वेळ फक्त "हं, हं."

फोन ठेवून त्यानं खारी चहात बुडवली. "तुकड्याच्या मध्येच थांबला म्हणे. पाणी प्यायला, मनगट झटकलं, लोकांकडे बघून हसला. आणि परत पहिल्यापासून वाजवला, शेवटपर्यंत."

"मग तुझं काय?" मी विचारलं. शक्य तितक्या हळू.

तो माझ्याकडे न बघता बायकोकडे वळला. "वहिनी, मी वाजवतो म्हणून संमेलनवाल्यांना कळवून टाका. शेजारी पाण्याची बाटली ठेवायला सांगा. आणि याला हॉलच्या बाहेर बसवा."