कल्लप्पांना बसवायचं होतं

शिवक्का भाकऱ्या करायला बसते तेव्हा तिचा उजवा पाय पुढे लांब सोडलेला असतो. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या बायकांना वाटतं, हिला वाताचा त्रास आहे. एकीने तर लसूण घालून कढवलेलं तेल आणून दिलं. शिवक्काने "बरं केलंस गं" म्हणून बाटली घेतली, फळीवर ठेवली, आणि पाय होता तसाच राहिला.

तिची आणि आमची भिंत एकच. ती ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून दुकानांना देते. तिचे यजमान कल्लप्पा टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते. दिवसभर उभं राहायचं काम. घरी आले की भिंतीला पाठ लावायचे आणि एक पाय लांब करायचे, कारण तो गुडघा लगेच वाकायचाच नाही. मग शिवक्का तेलाची वाटी घेऊन बसायची. कट्ट्यावर मेथी निवडता निवडता मला सगळं ऐकू यायचं.

"माग बंद झाला, तरी तुमचं गुडघं खटखट करायलेत की."

"जलमभर हुबा हाय मी. मेल्यावर तरी बसू दे."

"बसवतेत की! आपल्यात जित्यापरास मेल्यालाच मान लई."

तसं ते खरंच होतं. त्यांच्यात माणूस गेला की दहन करत नाहीत. आंघोळ घालतात, विभूती लावतात, मांडी घालून बसवतात, हातात गळ्यातलं इष्टलिंग देतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. कल्लप्पा हे गमतीने म्हणायचे, पण वरचेवर म्हणायचे.

त्यांना एकच मुलगी, श्रीदेवी. चार वर्षांपूर्वी बंब पेटवताना तिच्या गाऊनने पेट घेतला. पाठ, छाती, दोन्ही हात. दवाखान्यात आधी तिच्या अंगावर कोलॅजनचे पातळ पापुद्रे लावले, भिजवलेल्या पापडासारखे दिसणारे. पाठीची जखम खोल होती, तिथे ते पुरेनात. मग डॉक्टरांनी कुणा मेलेल्या माणसाची दान केलेली त्वचा आणवली आणि ती पाठीवर पसरली. कल्लप्पा बाहेर जाऊन ओकले. शिवक्का मात्र डॉक्टरांना विचारत राहिली, "कुणाची हाय? बाईची का बाप्याची?" ते सांगत नसतात.

त्या परक्या कातड्याखाली श्रीदेवी पहिल्यांदा झोपली. ड्रेसिंग बदलताना अख्खा वॉर्ड ऐकेल असं ओरडणारी पोर, ती "अव्वा, उकड आण" म्हणाली. शिवक्काने डब्यात नेलेली उकड तिने चमचाभर का होईना, खाल्ली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, ही त्वचा कायमची टिकत नाही, काही आठवड्यांनी गळून पडते, तोवर खालची जखम तयार व्हायची. ती गळाली. दुसऱ्यांदा लावायला कुठेच शिल्लक नव्हती. श्रीदेवी गेली.

दिवसकार्य झाल्यावर कल्लप्पाच म्हणाले, "आपली कातडी द्यायची. दोघांची पण." शिवक्काने मान डोलावली. मेल्यावर बसवणं आणि कातडी देणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

यंदा जानेवारीत, सकाळचा चहा पिता पिता कल्लप्पा कलंडले. गल्लीतल्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं आणि मान हलवली. शिवक्का रडली नाही. मला म्हणाली, "वैदेहीबाई, त्या कातडीवाल्यास्नी फोन लावा."

मी त्वचापेढीला लावला. पलीकडची बाई नीट बोलली. माणसं बाहेरगावाहून येणार, तोवर पंखा लावा, अंग सरळ ठेवा. "पायांची आणि पाठीची घेतात. पाय दुमडून ठेवू नका."

तेवढ्यात वळसंगहून कल्लप्पांचा धाकटा भाऊ वीरभद्रप्पा अंत्यविधी करणाऱ्या जंगमाला घेऊन आला. दारातच म्हणाला, "अजून आडवाच? वैनी, आंग ताठायच्या आत बसवाय पायजे. मग लाकूड हुतंय. पाय मोडून बसवायचं हाय का माझ्या भावाला?"

"मानसं यायलेत. मग बसवू."

"कातडं सोलून द्याला त्यो काय जनावर हाय?"

शिवक्काने वर पाहिलं. "श्रीदेवीच्या पाठीवर जे हुतं, ते जनावराचं हुतं का?"

वीरभद्रप्पा दारातून हलला नाही.

माणसं येईनात. मोहोळपाशी उसाची ट्रॉली उलटली होती आणि त्यांची गाडी मागे अडकली होती. उन्हं अंगणातून ओट्यावर आली. जंगम दोनदा उठला आणि परत बसला. मग शिवक्काने तेलाची वाटी आणली, कोमट केली आणि कल्लप्पांच्या पायाशी बसली. एक गुडघा उचलायचा, वाकवायचा, सरळ करायचा. मग दुसरा. रोज संध्याकाळी करायची तसंच. मध्येच त्यांच्याशी कानडीत बोलायची, "स्वल्प तडीरी." जरा थांबा. बायका आत येत, पाया पडत, बाहेर जात. ती हात थांबवत नव्हती. मी पाणी दिलं तर म्हणाली, "नगं. थांबले तर ताठतील."

शेवटी गाडी आली. एक तरुण डॉक्टरीण आणि तिच्यासोबत दोघे. शिवक्का म्हणाली, "मी नुसतं गुडघ्यास्नी हात लावून बसते. बोलणार न्हाय."

"मावशी, आत नाही थांबता येणार. आम्ही हळूच करू. वरचा पातळ थरच घेतो, रक्तसुद्धा येत नाही."

दार लागलं. शिवक्का दाराबाहेर बसली. तिचे तेलकट हात मांडीवर होते आणि अंगठे हलत होते.

दार उघडलं तेव्हा कल्लप्पांच्या पाठीला आणि मांड्यांपासून घोट्यांपर्यंत पांढऱ्या पट्ट्या बांधलेल्या होत्या. कुठे डाग नाही. डॉक्टरीण शिवक्काच्या पाया पडली आणि निघाली. वीरभद्रप्पाने भावाला पाठीमागून धरून उठवलं. डावा पाय कुरकुरत का होईना, दुमडला. उजवा दुमडला नाही. शिवक्काने चोळला, तोंडाची वाफ दिली, पुन्हा चोळला. वीरभद्रप्पाने जोर लावायला हात घातला तशी तिने त्याचं मनगट धरलं.

"साकु. पुरे. मोडू न्हाय द्यायचा."

"मग हे असं न्यायचं? लोकं काय म्हनतील?"

"कामावरनं आल्यावर असंच बसायचे ते."

पट्ट्यांवरूनच विभूती लावली. एक मांडी घातलेली, एक पाय लांब, असे कल्लप्पा निघाले. खड्डा आखूड पडला. वीरभद्रप्पानेच कुदळ घेतली आणि एका बाजूने वाढवला. त्यानंतर तो या दारी आलेला नाही.

दोन-अडीच महिन्यांनी मी पुन्हा फोन लावून दिला. त्वचा वापरली, असं कळलं. कुणाला, ते सांगितलं नाही. शिवक्काने एवढंच विचारलं, "झोप लागली का त्यास्नी?"

परवा भाकऱ्या घ्यायला गेले तेव्हा मी म्हटलं, "शिवक्का, मांडी घालून बसा की. कंबर भरून येईल अशाने."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "घालून बगितली बाई," ती म्हणाली. "आपनच तेवढं निवांत बसलोय असं वाटतंय."